पाला कुठे जाणार, ते आधी ठरवा

रत्नागिरी शहरालगत नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या भागांत ज्यांची आवार असलेली घरे आहेत, त्यांना दिवाळीनंतरचे काम वेगळे सांगायला नको. दारात हापूसची दोन-तीन कलमे, मागे फणस, बाजूला माड आणि गडग्याला टेकून काजू असला की सकाळी झाडलेले अंगण संध्याकाळी पुन्हा भरते, आणि हे थेट मृगापर्यंत चालते. पूर्वी या कामाला घरात चार हात असत. आज मुले पुण्या-मुंबईला आहेत, रोजाने झाडायला माणूस मिळत नाही, आणि घरी राहिलेल्या दोघांपैकी एकाचे गुडघे तर दुसऱ्याची कंबर धरलेली असते. त्यामुळे पाला उडवणारे यंत्र, ज्याला दुकानात नुसते ब्लोअर म्हणतात, घ्यावे का आणि घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपण चुकीच्या जागी शोधतो. खोक्यावर वॅट, सीसी आणि वाऱ्याचा वेग छापलेला असतो, म्हणून आपण तेवढेच ताडून बघतो. माझे म्हणणे असे की, यंत्र निवडण्याआधी पाला शेवटी कुठे जाणार हे ठरले पाहिजे. ते ठरले की यंत्राचा आकार आपोआप लहान होतो, वस्तीतल्या आवारातून पेट्रोलचे यंत्र बाद होते आणि काही घरांना यंत्र लागतच नाही, असे लक्षात येते.

झाडलोट कोकणात नेहमीच होती, पण झाडून गोळा केलेल्या पातेऱ्याचे करायचे काय, हा प्रश्न फार जुना नाही. हारे भरभरून पातेरा गोठ्यात जाई, गुरांच्या पायाखाली अंथरला जाई, शेणामुताने भिजे आणि पावसाच्या तोंडावर खत होऊन शेतात पडे. काही पाला कवळ आणि शेणाबरोबर भाताच्या राबावर पसरून भाजावळीला लागे. चुडते, पोया, करवंट्या आणि सुका पाला यांच्यावर आंघोळीचे पाणी तापे. घर पाला टाकत नव्हते, घराला पाला लागत होता. तो कमी पडे म्हणून बायका रानात पातेरा गोळा करायला जात. गेल्या काही दशकांत या तिन्ही वाटा बंद झाल्या. गोठे रिकामे झाले, भाताचे कुणगे पडीक राहिले, चुलीच्या जागी गॅस आणि गीझर आले. झाड मात्र पूर्वीइतकाच पाला टाकते. तो आता तीनच ठिकाणी जातो: फाटकाबाहेर ढीग करून पेटवला जातो, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकला जातो, किंवा गडग्यापलीकडे रस्त्यावर, गटारात आणि वहाळात लोटला जातो. ब्लोअर हे या तिसऱ्या वाटेला सर्वात सोयीचे यंत्र आहे. नळीचे तोंड ज्या दिशेला धराल तिकडे पाला जातो, आणि सर्वात जवळची मोकळी दिशा बहुधा फाटकाची असते. मे महिन्यात गटारात गेलेला हा पाला जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत मोरीच्या तोंडाशी अडकतो आणि पाणी परत कोणाच्या तरी आवारात शिरते.

पाला आवारातच राहिला पाहिजे, हा माझा आग्रह केवळ स्वच्छतेपायी नाही. रत्नागिरीची जमीन जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्याने मातीतले विद्राव्य क्षार धुपून खाली जातात, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात; माती आम्लधर्मी होते आणि पाणी धरून ठेवत नाही. जुलैत गुडघाभर पाणी पाहिलेले अंगण मार्चमध्ये पार सुकून जाते ते यामुळे. अशा मातीत ओल धरण्याचे काम प्रामुख्याने सेंद्रिय पदार्थ करतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची हापूसबाबतची शिफारस बागायतदारांच्या तोंडपाठ आहे: फळ वाटाण्याएवढे झाले की दर पंधरा दिवसांनी झाडाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात वाळलेल्या गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन करावे. आच्छादन नसेल तर त्या पाण्यातले बरेचसे उन्हाने उडून जाते. दहा वर्षांवरच्या कलमाला वर्षाला ५० किलो शेणखताचीही शिफारस आहे. दारात गुरे नसलेल्या माणसाला ते विकतच आणावे लागते. एकीकडे खत विकत आणायचे आणि दुसरीकडे त्याच झाडाचा पाला जाळायचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. आता, आंब्याचा पाला म्हणजे शेणखत नव्हे, हेही तितकेच खरे. पान चिवट, मेणचट, त्यात नत्र कमी आणि कर्ब जास्त. ते सावकाश कुजते. म्हणून त्याच्याकडे खत म्हणून पाहू नये. त्याचे पहिले काम पांघरुणाचे, जमिनीवर ऊन पडू न देण्याचे आणि पहिल्या सरींचा मार झेलण्याचे. खत होणे हे त्याचे दुसरे काम आहे आणि त्याला वर्ष लागले तरी बिघडत नाही. लवकर कुजवायचेच असेल तर थरांमध्ये गिरिपुष्पाचा हिरवा पाला घालावा आणि वरून शेणकाला शिंपडावा.

एकदा पाला झाडाच्या आळ्यात जायचा असे ठरले की यंत्राकडून आपली मागणी किती थोडी राहते, ते पाहा. दारापासून कलमाच्या आळ्यापर्यंत अंतर तीस-चाळीस फूट. पाला सुका आणि हलका. जोर लावून तो लांब फेकायचा नाही, जमिनीलगत सरकवत न्यायचा आहे. पाश्चात्त्य देशांत हे यंत्र वाढले ते वेगळ्या कामासाठी. तिथे शरद ऋतूत सगळी झाडे एकदम पाने टाकतात, पाने पावसाने आणि दवाने भिजून हिरवळीला चिकटतात, आणि ती एकरभर हिरवळीवरून रस्त्याच्या कडेला आणायची असतात. त्यासाठी पाठीवर बांधायची, मिनिटाला पंधरा-वीस घनमीटर हवा फेकणारी पेट्रोलची यंत्रे तयार झाली. आपला आंबा असा एकदम ओका होत नाही. जुनी पाने थोडीथोडी गळत राहतात, कोरड्या महिन्यांत जास्त. काजू आणि फणसाचेही थोड्याफार फरकाने तेच. रोज थोडा पाला, तोही वाळलेला, आणि जवळच न्यायचा. या कामाला पाठीवरचे इंजिन म्हणजे मुंगीला मारायला मुसळ.

पेट्रोलच्या यंत्राला माझा विरोध मात्र केवळ ते अनावश्यक आहे म्हणून नाही. यांतल्या बहुतेकांना टू-स्ट्रोक इंजिन असते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे. या रचनेत नवे इंधन आत येताना जुना धूर बाहेर जातो आणि त्याबरोबर इंधनाचाही एक हिस्सा न जळता निघून जातो. चेतक, प्रियासारख्या टू-स्ट्रोक स्कूटरी याच दोषापायी आपल्या रस्त्यांवरून गेल्या. तेच इंजिन आता अंगणात आणण्यात शहाणपण नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने मांडलेला हिशेब बोलका आहे: व्यावसायिक वापराचा पेट्रोल ब्लोअर तासभर चालवला की धुरके तयार करणारी जेवढी प्रदूषके बाहेर पडतात, तेवढी टोयोटा कॅमरी ही मोटार सुमारे १,१०० मैल चालवल्यावर पडतात. हे अंतर साधारण रत्नागिरीहून दिल्ली गाठण्याएवढे झाले. हा हिशेब धुरक्याच्या घटकांचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. पण यंत्र चालवणाऱ्याचे नाक नळकांड्यापासून हातभरच लांब असते, तेव्हा त्याच्यापुरता नेमका हाच हिशेब महत्त्वाचा. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान इंजिनांची नवी विक्री २०२४ पासून बंद करण्याचे ठरवले. वॉशिंग्टन शहरात पेट्रोल ब्लोअरवर १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. कार्मेल या कॅलिफोर्नियातल्या छोट्या गावाने तर १९७५ मध्येच ब्लोअरला मज्जाव केला होता. तिथला अनुभव जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे, आणि आपण हे यंत्र आता घेऊ लागलो आहोत. त्यांना जे उशिरा कळले ते आपल्याला विकत घेण्याआधी कळायला हरकत नाही.

आवाजाचा मुद्दा आपल्याकडे हसण्यावारी नेला जातो, तो नेऊ नये. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. पेट्रोल ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९५ डेसिबलच्या पुढे सहज जातो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास सोसवतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला तासभर आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. शिवाय इंजिनाच्या आवाजात खालच्या पट्टीतला घुमणारा भाग जास्त असतो, तो भिंतीतून आणि खिडकीतून पलीकडे जातो. ऑक्टोबरपासून गवत कापणीची यंत्रे सुरू झाली की चार घरांपलीकडेही बोलणे ऐकू येत नाही, हा अनुभव कोकणात प्रत्येकाला आहे. ते काम वर्षातून एकदोनदा असते म्हणून सोसले जाते. पाला रोजचा आहे. विजेचा ब्लोअर गप्प असतो असे अजिबात नाही. त्याची मोटर कर्कश किंचाळते आणि जवळ उभ्या माणसाने कानात बोळे घालणेच बरे. पण तो आवाज वरच्या पट्टीतला असल्याने अंतराने आणि भिंतीने लवकर दबतो, आणि बटण सोडताच थांबतो.

यावर मोठ्या आवारवाल्यांचा आक्षेप असा की, वीस-पंचवीस गुंठ्यांत वायर ओढत फिरता येत नाही, वादळवाऱ्यात वीज दिवसदिवस नसते, मग पेट्रोलखेरीज गती कोणती? निसर्ग वादळानंतर २०२० मध्ये दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, हे खरेच आहे. पण वीज नसताना त्या लोकांना पडलेले माड उचलायचे होते; झाडलोट थांबली म्हणून कोणाचे अडले नाही. रोजच्या झाडलोटीला दिवसातला अर्धा तास वीज असली तरी पुरते. मोठ्या आवाराचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर असे की वीस गुंठ्यांतला सगळा पाला हलवायचाच नाही. झाडाखाली पडलेला पाला झाडाखालीच राहू द्यायचा. दारापुढचे अंगण, पायवाट आणि विहिरीचा कठडा एवढेच झाडायचे. त्यापलीकडे पेट्रोल ब्लोअरला एकच जागा आहे, आणि ती मी मोकळ्या मनाने मान्य करतो: वणव्याची. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सड्यावरचे गवत पेटून आंबा-काजूच्या उभ्या बागा जळाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बागेच्या सीमेवर पाला आणि गवत काढून मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, ठेवणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय, आणि वन विभागही जंगलातल्या जाळरेषा साफ करायला ब्लोअर वापरतो. तिथे वायर नाही, वस्ती नाही आणि काम वर्षातून दोनतीन दिवसांचे. तेवढ्यासाठी प्रत्येक बागायतदाराने यंत्र घेण्यापेक्षा वाडीने किंवा बचत गटाने एक पाठीवरचा ब्लोअर घेऊन भाड्याने फिरवावा. फक्त आग लागल्यावर तो घेऊन धावू नये. जळत्या पाल्यावर बाजूने वारा घातला तर ठिणग्या पुढच्या बागेत जाऊन पडतात, आणि ते काम शिकलेल्या माणसांचेच आहे.

मग घरासाठी वायरचा की बॅटरीचा? दिसायला बॅटरीचा आटोपशीर, पण हिशेब करून पाहावा. १८ व्होल्टची ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास ऊर्जा. ब्लोअर पूर्ण जोरात ३५० वॅट घेत असेल तर ती बारा-तेरा मिनिटांत संपते. जाहिरातीत लिहिलेला वेळ बहुधा सर्वात मंद वेगाचा असतो. कित्येकदा दाखवलेली किंमत बॅटरी आणि चार्जरशिवायची असते, ती दोन्ही घेतली की आकडा दुप्पट होतो. आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते ती वेगळीच. ज्यांच्याकडे त्याच कंपनीचे ड्रिल वा अन्य अवजार आणि बॅटरी आधीच आहे, त्यांनी बॅटरीचा जरूर घ्यावा. बाकीच्यांना सहाशे वॅटच्या आसपासचा, वेग कमीजास्त करता येणारा वायरचा ब्लोअर पुरे. तो वीस मिनिटे चालवला तर वीज जळते ०.२ युनिट. हवा फेकतो मिनिटाला तीनएक घनमीटर, म्हणजे पाठीवरच्या यंत्राच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. ओल्या पाल्यापुढे आणि हिरवळीपुढे तो हात टेकतो हे आधीच समजून घ्यावे. निवड करताना नुसता वेग न पाहता हवेचे आकारमानही पाहावे: बारीक तोंडातून सुटलेली वेगवान हवा फटीतली धूळ काढते, पण पाल्याचा पट्टा पुढे सरकवायला जास्त हवा लागते. त्यासाठी रुंद, चपटे तोंड मिळते का ते विचारावे. वायर मात्र स्वस्तातली बारीक घेऊ नये. तीस मीटर बारीक वायरीत व्होल्टेज पडते, मोटर तापते आणि दोष यंत्राला दिला जातो. म्हणून १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्यावी आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर ब्लोअरच्या आधी तो बसवावा. अनवाणी पायाने ओल्या अंगणात विजेचे अवजार चालवण्याची सवय कोकणात सर्रास आहे आणि ती जिवावर बेतते. मोटरचे कार्बन ब्रश गावात मिळतात का, हेही घेतानाच विचारावे. खाऱ्या हवेत आणि धुळीत सर्वात आधी तेच झिजतात. काही यंत्रे उलटी फिरवून पाला ओढून घेतात आणि त्याचा चुरा करून पिशवीत भरतात. आंब्याच्या चिवट पानासाठी ही सोय फार कामाची, कारण चुरा लवकर कुजतो आणि वाऱ्याने उडत नाही. पण आतला पंखा प्लास्टिकचा असेल तर जांभ्याच्या खड्यांनी आणि वाळक्या डहाळ्यांनी तो थोड्याच दिवसांत फुटतो, म्हणून या प्रकारात धातूचाच पंखा बघावा.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न, जो दुकानदार विचारत नाही, तो म्हणजे तुमचे अंगण कशाचे आहे. पावसाळा संपल्यावर चोपून, शेणाने सारवलेल्या अंगणावर ब्लोअर चालवला तर काय होते ते जवळून पाहण्यासारखे असते. पहिल्या झोतात पाला जातो. दुसऱ्या झोतात सारवणाच्या पातळ पापडीची कड उचलली जाते. मग त्या कडेखाली हवा शिरते आणि तळहाताएवढे ढलपे सुटू लागतात; खालची तांबडी माती उघडी पडते आणि तिचा लोट ओटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या विहिरीवर बसतो. आठवडाभरात अंगण पुन्हा सारवायची वेळ येते. अशा अंगणाला हिराचा खराटाच हवा. हीर लवचीक असतात, ते पाला ओढतात आणि पापडीला इजा करत नाहीत. इतक्या वर्षांत या जमिनीला साजेसे दुसरे अवजार निघालेले नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी, लादी, सिमेंटचा कोबा किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर ब्लोअर चांगले काम देतो, कारण खराट्याने न निघणारी फटीतली पाने तो उचलतो. कौलांच्या पन्हळीत अडकलेला पाला मेअखेरीस काढायलाही लांब नळी लावून तो उपयोगी पडतो आणि शिडीवर चढायचे टळते.

वेळेचेही भान हवे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाला दवाने भिजलेला असतो, तेव्हा यंत्र घोंगावत राहते आणि पाने जागची हलत नाहीत. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो मार्च-एप्रिलमध्ये इतका जोरात असतो की सरकवलेला पाला परत अंगणात येतो. दव सुकल्यावर आणि खारा वारा सुटण्याआधी, साधारण नऊ ते अकरा, ही या यंत्राची वेळ. शेजाऱ्यांची झोप आणि देवपूजाही तोवर उरकलेली असते.

पाला आवारातच ठेवा म्हटले की पहिला आक्षेप येतो तो सापा-विंचवाचा, आणि रत्नागिरीत तो कोणी हलका समजू नये. फुरसे इथल्या सड्यांवर आणि गडग्यांत भरपूर आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे मांडला, तो याच किनारपट्टीवरच्या रुग्णांना वाचवताना. पण या जिवांना आवडतो तो भिंतीला लागून महिनोन्महिने न हललेला ढीग. घराभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा आणि सगळ्या पायवाटा लख्ख ठेवल्या आणि पाला लांबच्या झाडांच्या आळ्यांत वीतभर जाडीचा पसरला, तर धोका आजच्यापेक्षा कमी होतो. कारण आज बहुतेक घरांत पाला नेमका गडग्याच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या मागे साठलेला असतो. हात घालण्याआधी काठीने ढोसावे आणि पायात बूट असावेत, हे यंत्र असो वा नसो. दुसरा आक्षेप वाळवीचा. तो टाळायला पाला बुंध्याला टेकू द्यायचा नाही; खोडापासून दोन-तीन फूट सोडून, फांद्यांच्या बाहेरच्या घेराखाली तो पसरायचा. अन्न घेणारी बारीक मुळेही तिथेच जास्त असतात, आणि बुंधा मोकळा राहिला की खोडकिड्याचा भुसा वेळीच दिसतो. तिसरा आक्षेप बागायतदारांचा आहे आणि तो मला सर्वात वजनदार वाटतो: करप्याची बुरशी वाळक्या पानांवर आणि डहाळ्यांवर टिकते, मग तीच पाने झाडाखाली का ठेवायची? काळे पडलेले शेंडे आणि रोगट डहाळ्या काढून टाकाव्यात, ही शिफारस योग्यच आहे आणि ती पाळावी. तो रोगट भाग वेगळ्या खड्ड्यात मातीआड पुरावा. पण त्यासाठी निरोगी पाल्याचे शंभर हारे वाया घालवणे म्हणजे रोगाचा दोष साऱ्या झाडावर टाकणे होईल. वणव्याची भीती असलेल्या सीमेवरच्या झाडांखाली मात्र कोरडे आच्छादन ठेवू नये. तिथला पाला आत आणावा.

आणि जाळणे? राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा वेगळा, आपल्याच आवारात ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. हे बहुतेकांना माहीत नसते, आणि माहीत असले तरी संध्याकाळी काडी लावणे सोपे वाटते. त्या ढिगात दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या असतात, धूर माणसाच्या उंचीवर घरांमध्ये साचतो, आणि शेजारच्या घरात दम्याचा रुग्ण आहे की नाही याची चौकशी कोणी केलेली नसते.

घरांनी एवढे केले तरी शहराच्या दाट वस्तीत, फ्लॅटच्या इमारतींत, शाळा-कचेऱ्यांच्या आवारांत पाला उरणारच. तिथे आळी नाहीत, नुसती फरसबंदी आहे. रत्नागिरी नगर परिषदेने आणि लगतच्या ग्रामपंचायतींनी डिसेंबर ते मे या काळात आठवड्यातून एक वार फक्त पाल्याच्या गाडीसाठी ठेवावा. पिशवी नाही, पोत्यातून रिकामा केलेला निव्वळ पाला तेवढा घ्यावा, एका ठिकाणी त्याचा चुरा करावा आणि तो आच्छादनासाठी बागायतदारांना वाहतुकीच्या खर्चात द्यावा. चुरा करायचे एक यंत्र गावातल्या डझनभर ब्लोअरांपेक्षा जास्त काम करील, आणि त्याला मागणीही असेल, कारण बागांसाठी शेणखताचे ट्रक आजही घाट उतरून येतात आणि त्यांचा दर दर हंगामात वाढतोच आहे.